गोळी चालू होती का?

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस दवाखान्यात आणला, की केसपेपरवर एक प्रश्न हमखास लिहिला जातो: रक्त पातळ व्हायची गोळी आधीपासून चालू होती का? मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आयुष्यभर फिजिशियन म्हणून काम केलं. तिथे या प्रश्नाचं उत्तर देताना नातेवाइकांच्या बोलण्यात बहुतेक वेळा तक्रार असे. "चालू होती की, बाई. रोज जेवण झालं की मी स्वतः हातावर ठेवत होते. तरी वारं गेलंच अंगावरून."

या तक्रारीच्या पोटात दोन प्रश्न आहेत. गोळी घेऊनही झटका का आला, हा पहिला. तो सगळेच विचारतात. दुसरा फारसं कुणी विचारत नाही: गोळी चालू होती म्हणून आलेला झटका थोडा हलका बसला का, आणि हा माणूस त्यातून जास्त चांगला सावरेल का? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मी हाती लागेल तसा वाचत आले. त्याची सुरुवात मेंदूच्या डॉक्टरांनी केली नाही, ती टॉन्सिल काढणाऱ्या एका फॅमिली डॉक्टरने केली.

डॉ. लॉरेन्स क्रेव्हन कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेंडेलमध्ये प्रॅक्टिस करत. ॲस्पिरिन तेव्हा नवं नव्हतं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ते १८९७ साली शुद्ध स्वरूपात बनवलं होतं आणि दोन वर्षांत ते त्या नावाने बाजारातही आलं होतं. डोकेदुखी, ताप, सांधेदुखी यांवरचं ते घरगुती औषध झालं होतं. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखू नये म्हणून क्रेव्हन आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन घातलेलं च्युइंगगम चघळायला देत. १९४० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की काही जणांच्या घशातून शस्त्रक्रियेनंतर विलक्षण रक्त जातं, इतकं की इस्पितळात ठेवावं लागतं. खोदून विचारल्यावर कळलं, की अशा रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त गम विकत आणून चघळलं होतं.

इथे दुसरा एखादा डॉक्टर गम बंद करून मोकळा झाला असता. क्रेव्हन यांनी पुढचा विचार केला. ॲस्पिरिनमुळे रक्त गोठायला उशीर होत असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिनीत नको तिथे होणारी गुठळीही त्याने टळेल का? खात्री करायला ते स्वतः रोज बारा गोळ्या घेऊ लागले, आणि पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं. थांबले, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग मध्यमवयीन, बैठं काम करणाऱ्या, वजनदार पुरुषांना ते रोज ॲस्पिरिन देऊ लागले. १९५० साली त्यांनी ४०० पुरुषांचा अनुभव छापला, १९५३ साली सुमारे १५०० जणांचा, आणि १९५६ साली सुमारे ८००० जणांचा. या शेवटच्या लेखाच्या शीर्षकात हृदयाबरोबर मेंदूतल्या गुठळीचाही उल्लेख होता. आपल्या माणसांत ना हृदयाची गुठळी दिसली ना मेंदूची, असा त्यांचा दावा होता. पुढच्याच वर्षी क्रेव्हन हृदयविकाराने गेले.

त्यांचे लेख अमेरिकेतल्या लहान प्रादेशिक मासिकांत आले आणि तिथेच पडून राहिले. त्याला एक योग्य कारणही होतं: तुलना कुणाशी? गोळी न घेणारी तशीच चारशे किंवा आठ हजार माणसं क्रेव्हन यांनी बाजूला ठेवून पाहिली नव्हती. जे रोज गोळी घेतात, सांगितल्या दिवशी डॉक्टरकडे येतात, त्यांची एरवीची काळजीही निराळी असते. असं असलं तरी मला क्रेव्हन यांच्याबद्दल मोठा आदर आहे. साधा जनरल प्रॅक्टिशनर, हाताशी प्रयोगशाळा नाही, आणि रुग्णाच्या रक्ताळलेल्या घशाकडे पाहून त्यांनी विसाव्या शतकातल्या एका मोठ्या उपचाराचं दार किलकिलं केलं. तुलना कुणाशी, हा त्यांना लागू झालेला आक्षेप मात्र पुढे आपल्या प्रश्नालाही चिकटला आणि आजवर सुटलेला नाही.

मेंदूच्या बाजूची गोष्ट सी. मिलर फिशर यांच्याकडे जाते. हे कॅनडाचे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर होते. त्यांचं जहाज १९४१ साली जर्मनांनी बुडवलं आणि पुढची साडेतीन वर्षं ते युद्धकैदी होते. युद्धानंतर माँट्रियलमध्ये एका अर्धांगाच्या रुग्णाने त्यांना सांगितलं, की हात-पाय जाण्याच्या आधी काही दिवस एका डोळ्यापुढे मधूनमधून अंधारी येऊन जात होती. नवल हे, की डोळा लुळ्या पडलेल्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा होता. मेंदूची उजवी बाजू डाव्या अंगाला चालवते, पण मानेतली उजवी कॅरोटिड रक्तवाहिनी मेंदूच्या उजव्या बाजूला आणि उजव्याच डोळ्याला रक्त नेते. म्हणजे डोळा आणि मेंदू या दोहोंचं दुखणं मानेतल्या एकाच नळीत असलं पाहिजे. त्या काळी शवविच्छेदनात मान उघडून पाहण्याची पद्धत नव्हती, कवटी उघडून मेंदू काढला की काम संपे. फिशर मान उघडून पाहू लागले, आणि बंद झालेल्या कॅरोटिड त्यांना सापडत गेल्या. १९५१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मोठ्या झटक्याआधी येऊन जाणारे छोटे झटके ही पुढच्या संकटाची सूचना असते, हे तेव्हापासून वैद्यकात रुजलं.

पण माझ्या दृष्टीने त्यांचं खरं विलक्षण काम १९५९ चं. एका डोळ्याची दृष्टी तात्पुरती जाण्याचे झटके येणारा रुग्ण, आणि झटका चालू असतानाच फिशर ऑफ्थाल्मोस्कोप घेऊन त्याच्या डोळ्याच्या पडद्याकडे पाहत बसलेले. शरीरातली जिवंत रक्तवाहिनी चिरफाड न करता बघता येते अशा मोजक्या जागांपैकी ती एक. त्यांना दिसलं, की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पांढरे कण हळूहळू पुढे सरकताहेत. फाट्याशी अडतात, थोडं थांबतात, मोडतात आणि पुढे जातात. कण पुढे गेले की दिसणं परत येतं. रक्ताची साधी गुठळी लाल दिसते, ही पांढरी होती. काही वर्षांत अशाच एका रुग्णाचा डोळा मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला आणि नळीत अडकलेला तो पांढरा ऐवज प्लेटलेट्सचा निघाला.

प्लेटलेट्स आपल्याकडे डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झाल्या. त्यांचं खरं काम इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बित्सोझेरो यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं. जिवंत प्राण्याच्या आतड्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून, नळीला इजा झाली की हे इवलेसे कण तिथे येऊन चिकटतात, एकमेकांना धरतात, हे त्यांनी पाहिलं. पुढे ऐंशी वर्षं ही माहिती जवळपास पुस्तकातच राहिली, कारण प्लेटलेट्स किती चिकट आहेत ते मोजायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९६२ साली लंडनमध्ये गुस्टाव बॉर्न यांनी सोपी युक्ती काढली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे हे चिरंजीव. प्लेटलेट्स असलेला रक्तद्रव काचेच्या नळीत घ्यायचा आणि त्यातून उजेड सोडायचा. द्रव गढूळ असल्याने पलीकडे उजेड कमी पोचतो. मग त्यात एडीपी नावाचं रसायन टाकायचं. प्लेटलेट्स गोळा होऊन त्यांचे पुंजके बनतात, मधला द्रव निवळतो, आणि पलीकडे जास्त उजेड पडतो. किती आणि किती वेगाने, ते कागदावरच्या रेषेत उमटतं. या यंत्राने प्लेटलेटवर कोणतं औषध चालतं ते दिवसाभरात कळू लागलं, आणि १९६७-६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि इंग्लंडमध्ये दिसलं, की ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाच्या प्लेटलेट्स नीट गोळा होत नाहीत.

का, याचं उत्तर जॉन व्हेन यांनी १९७१ साली दिलं: ॲस्पिरिन शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन बनण्याचा मार्गच अडवतं. त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह मिळालं. १९७५ मध्ये रॉथ आणि मजेरस यांनी दाखवलं, की ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या, प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमला कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. तिचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य संपेपर्यंत ती तशीच राहते. गोळीचा अंश रक्तातून काही तासांत जातो, परिणाम मात्र आठवडाभर रेंगाळतो. "काल रात्रीची गोळी राहिली, म्हणून झटका आला का?" असं एखादी सून रडवेली होऊन विचारते, तेव्हा मला तिला सांगावंसं वाटतं ते हेच. एका रात्रीत काही बिघडत नाही, बाळ. तू मनाला लावून घेऊ नकोस.

१९७८ साली मी पुण्यात एम.डी. करत होते. हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली कॅनडात झालेला अभ्यास त्या वर्षी छापून आला. छोटे झटके येऊन गेलेले ५८५ रुग्ण, सरासरी २६ महिने पाठपुरावा, आणि या खेपेला गोळी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, डॉक्टरच्या मर्जीविना ठरलेलं. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अर्धांग किंवा मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालं. पुरुषांत हा फायदा ठळक होता, स्त्रियांत दिसला नाही. त्यावरून अमेरिकेच्या औषध खात्याने १९८० साली फक्त पुरुषांसाठी ॲस्पिरिनला मान्यता दिली, आणि स्त्रियांसाठी ती यायला १९९८ उजाडलं. त्या अभ्यासात स्त्रिया मुळात कमी होत्या आणि त्यांच्यात झटकेही कमी आले होते, म्हणून फायदा दिसला नव्हता. अठरा वर्षं बायकांना या गोळीचा अधिकृत आधार नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

कॅनडाचा डोस होता दिवसाला १३०० मिलिग्रॅम. एवढ्याने पोट जळून रुग्ण गोळी सोडून देत. आपल्याकडे आम्ही डिस्प्रिनची गोळी द्यायचो, अर्धी किंवा पाव, पाण्यात विरघळवून, जेवणानंतर. नखाने किंवा विळीच्या टोकाने तिचे तुकडे पाडताना अर्धी भुकटी व्हायची. कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेले पाव तुकडे पावसाळ्यात ओलसर होत आणि त्यांना आंबूस वास यायचा. नेमका डोस कसला जाणार पोटात! १९९१ मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासात ७५ मिलिग्रॅमनेही काम होतं हे दिसलं, त्याच वर्षी हॉलंडमध्ये ३० मिलिग्रॅमची तुलना मोठ्या डोसशी झाली आणि लहान डोस कुठे कमी पडला नाही. आज औषधाच्या दुकानात इकोस्प्रिन ७५ ची चौदा गोळ्यांची पट्टी काही रुपयांत मिळते, तिच्या मागे ही सगळी वाट आहे.

मात्र झटका हलका बसला का, हे विचारायला अजून दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे, झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे जिवंत माणसात सांगता आलं पाहिजे. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनजवळ विम्बल्डनला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सी.टी. स्कॅन झालं, तोवर ते केवळ अंदाजावर चाले. आमच्या तालुक्यात स्कॅन येण्याआधीची वर्षं मला चांगली आठवतात. समोर अत्यवस्थ रुग्ण, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक, गुठळी असेल तर उपयोगी. स्टेथोस्कोप घेऊन त्यातलं काहीच ठरत नसे. तोवर घरच्यांनी पारव्याचं रक्त लुळ्या हातापायांना चोळलेलं असे आणि त्यात एक अख्खा दिवस गेलेला असे.

दुसरी गोष्ट मोजपट्टी. झटका हलका की भारी, हे "बराच अशक्तपणा आहे" असं लिहून ठरत नाही. ग्लासगोचे जॉन रँकिन यांनी १९५७ साली अर्धांगातून उठलेला माणूस रोजच्या जगण्यात किती परावलंबी आहे याच्या पायऱ्या मांडल्या. थोड्या बदलांसह ती मोजपट्टी आज शून्य ते सहा अशी आहे: शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. झटक्याच्या वेळची तीव्रता मोजायला अमेरिकेत १९८९ मध्ये टॉमस ब्रॉट आणि सहकाऱ्यांनी जी पट्टी छापली, तिला आम्ही एन.आय.एच. स्केल म्हणतो. शून्य ते ४२. ती वापरताना रुग्णाच्या अगदी जवळ जावं लागतं. "आबा, हात असा वर धरा, खाली पडू द्यायचा नाही." आणि आपण दहा आकडे मोजायचे. सात-आठला हात हलकेच उतरू लागला पण गादीला टेकला नाही, तर एक गुण. टेकला तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलताच येत नसेल तर तीन, हालचालच नसेल तर चार. पाय पाच आकड्यांपुरता. मग दात दाखवा, डोळे मिटा, हे चित्र बघून सांगा काय चाललंय. नवे डॉक्टर हे घाईत उरकतात तेव्हा मला राग येतो, कारण पुढची सगळी आकडेमोड या दहा आकड्यांवर उभी असते.

१९८५ साली ह्यूस्टनचे जेम्स ग्रोट्टा आणि सहकारी यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच हा प्रश्न ठेवला: प्लेटलेटविरोधी औषधाने अर्धांगाची तीव्रता कमी होते का? ती कमी होऊ शकते, असं मानायला शरीरशास्त्राचा आधार होता. प्लेटलेट्स कमी चिकट असतील तर गुठळी लहान राहील, लवकर मोडेल, फिशर यांच्या डोळ्यांदेखत मोडली तशी. प्लेटलेट्समधून सुटणारं थ्राँबॉक्सेन रक्तवाहिनीला आकुंचित करतं, तेही कमी होईल. मोठ्या नळीच्या पुढच्या बारीक नळ्या उघड्या राहिल्या तर आजूबाजूचं रक्त वळून येऊ शकेल.

उत्तरं मात्र एकमेकांशी जुळेनात. १९९७ मध्ये युरोपातल्या एका गटाने लिहिलं, की कमी डोसच्या ॲस्पिरिनने झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत काही फरक पडत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टोस्ट नावाच्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांची माहिती उलगडून दुसऱ्या गटाने दाखवलं, की आधीपासून ॲस्पिरिन घेणाऱ्यांचे झटके सुरुवातीलाच सौम्य होते. त्यानंतर असे बरेच अभ्यास आले, काही या बाजूचे, काही त्या बाजूचे.

अडचण क्रेव्हन यांचीच होती, फक्त उलट्या दिशेने. क्रेव्हन यांच्याकडे तुलनेला माणसं नव्हती. इथे ती होती, पण सारखी नव्हती. वॉर्डात आलेला कोण माणूस आधीपासून गोळीवर असतो? ज्याला एकदा हृदयविकार होऊन गेलाय, ज्याला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, ज्याला पूर्वी छोटा झटका आलाय, ज्याचं वय झालंय. शेजारच्या खाटेवरच्या, गोळीचं तोंड न पाहिलेल्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याशी त्याची सरळ तुलना केली, तर गोळीवरचा माणूस मागेच पडणार, आणि दोष गोळीला जाणार. त्यात आणखी एक गुंता. ॲस्पिरिन कॅरोटिडसारख्या नळ्यांत धरणारी प्लेटलेट्सची गुठळी अडवण्यात चांगलं, पण हृदयाचे ठोके अनियमित होऊन तिथे साकळणाऱ्या मोठ्या लाल गुठळ्यांपुढे तोकडं. म्हणजे गोळीने जे झटके टाळले, त्यांचे धनी वॉर्डात आलेलेच नाहीत, ते घरी भाकरी खात बसलेत. आले ते गोळीला न जुमानणारे, आणि त्यांत हृदयातून सुटलेल्या गुठळीचे, म्हणजे सहसा भारी झटक्यांचे, जास्त. नातेवाइकांची तक्रार खोटी नसते. पण ज्यांच्या घरी तक्रार करायची वेळच आली नाही, त्यांची मोजदाद कोण करणार?

हा गुंता आकड्यांत कसा दिसतो, ते २०१६ साली अमेरिकेतल्या एका फार मोठ्या नोंदणीने दाखवलं. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे इंजेक्शन मिळालेले ८५,०७२ रुग्ण. त्यांतले जवळजवळ ४६ टक्के आधीपासून प्लेटलेटविरोधी गोळीवर. इस्पितळातून जाताना स्वतःच्या पायांनी चालणारे: गोळीवाल्यांत ४२.१ टक्के, बिनगोळीवाल्यांत ४६.६ टक्के. इथेच थांबलं तर निकाल गोळीच्या विरुद्ध. मग संशोधकांनी वय, मधुमेह, जुना झटका, हृदयविकार, आल्या वेळची तीव्रता हे सगळं हिशेबात धरून सारख्याला सारख्याशी ताडून पाहिलं, आणि तराजू उलटला. स्वतः चालत जाण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर गोळीवाल्यांच्या बाजूने १.१३ भरलं. अपंगत्व जवळपास न उरण्याचं गुणोत्तरही त्यांच्याच बाजूने, १.१४. मृत्यूत फरक नाही. मात्र मेंदूत त्रासदायक रक्तस्राव गोळीवाल्यांत जास्त, ५ टक्के विरुद्ध ३.७, आणि हा तोटा हिशेब दुरुस्त केल्यावरही टिकला. ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ही दुसरी प्लेटलेटविरोधी गोळीही घेणाऱ्यांत तो आणखी वाढला. तेव्हा फायदा लहान, तोटाही लहान, दोन्ही खरे, असा माझा या आकड्यांवरून झालेला समज आहे. चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नव्हे, त्यामुळे गोळीनेच सावरले असं छातीठोक म्हणता येत नाही. पण गोळीवर आहे म्हणून इंजेक्शन नाकारणं चूक, एवढं यातून नक्की ठरतं, आणि आज ते नाकारलं जात नाही.

मग काहींना वाटलं, आधी घेतलेली गोळी उपयोगी, तर इंजेक्शनसोबतच शिरेतून ॲस्पिरिन का देऊ नये? हॉलंडमध्ये ही चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचा निकाल आला. ६४२ रुग्णांवरच ती मधेच थांबवावी लागली. ॲस्पिरिन दिलेल्यांत रक्तस्राव ४.३ टक्के, न दिलेल्यांत १.६, आणि सावरण्यात काडीचा फरक नाही. म्हणून आज इंजेक्शननंतर पहिले चोवीस तास ॲस्पिरिन देत नाहीत. इंजेक्शन न मिळालेल्यांसाठी मात्र १९९७ च्या दोन प्रचंड चाचण्यांनी, त्यांतली एक चीनमधल्या ४१३ इस्पितळांत झाली, पहिल्या ४८ तासांत ॲस्पिरिन सुरू करण्याची रीत घालून दिली. दर हजारी सुमारे नऊ जणांचा मृत्यू किंवा दुसरा झटका त्याने टळतो.

हजारात नऊ, १.१३, हे आकडे किरकोळ वाटतात. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये वस्तीतल्या अर्धांगाची नोंद केली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण मिळाले, आणि त्यांतले जवळजवळ ३० टक्के अठ्ठावीस दिवसांत गेले. हे मुंबईतलं, इस्पितळं हाताशी असलेल्या शहरातलं. जिथे दर दहांत तीन माणसं महिन्याभरात जातात, तिथे एखादी स्वस्त गोळी थोड्या जणांना खाटेवरून उठून संडासापर्यंत स्वतः जाण्याइतकं बळ देत असेल, तर मला ते थोडं वाटत नाही. घरातल्या बाईला विचारा, नवरा स्वतः उठतो की त्याला उचलावं लागतं, यात काय फरक आहे ते.

याचा अर्थ धडधाकट माणसाने पुढे झटका हलका बसावा म्हणून गोळी सुरू करावी असा नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी ज्येष्ठांवरच्या अभ्यासात, २०१८ मध्ये, रोजच्या ॲस्पिरिनने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढले. शेजाऱ्याची पट्टी बघून आपणही सुरू करणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि शौचाला काळं होऊ लागल्यावर ते दवाखान्यात येतात.

ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय किंवा हृदयाला स्टेंट बसवलाय, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती गोळी परस्पर बंद होण्याची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला अर्धांगाच्या ३०९ रुग्णांची तितक्याच तशाच माणसांशी तुलना करून २००५ मध्ये दाखवलं गेलं, की ॲस्पिरिन बंद केल्यानंतरच्या चार आठवड्यांत झटक्याचा धोका सुमारे ३.४ पट होतो. बंद का झाली, याची कारणं सगळीकडे सारखीच: छोटी शस्त्रक्रिया, पोटाची जळजळ, आता बरं वाटतंय. आणि दाढ. दाढ काढायची म्हणून आठ दिवस गोळी थांबवली, आणि नवव्या दिवशी तोंड वाकडं झालेला माणूस रिक्षात घालून आणला, असं मी पाहिलेलं आहे. आमच्या गावातला तरुण दंतवैद्य आता अशा रुग्णाची दाढ काढण्याआधी मला फोन करतो, आणि बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच, एक टाका घालून आणि कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून ठेवून काम करतो.